गणपतीच्या गडबडीत एक परीक्षा राहून जाते

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांचे व कनिष्ठ महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, प्राचार्य आणि संस्थाचालक यांस,

स. न. वि. वि.

शाळा नुकत्याच सुरू झाल्यात. पुस्तकांचं वाटप, पटसंख्येची जुळवाजुळव, गळणाऱ्या वर्गावर ताडपत्री, एसटीच्या पासांचे अर्ज. या दिवसांत मुख्याध्यापकांच्या टेबलावर काय काय असतं ते मी जवळून पाहिलं आहे. पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तरीही खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडच्या निवड परीक्षेबद्दलचं हे पत्र जूनमध्येच लिहितोय, कारण सप्टेंबरात लिहून काही उपयोग होत नाही, हे मी एका मुलीच्या बाबतीत अनुभवलं आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, ११ ते २१ तारखेच्या दरम्यान, मुंबईत ६४ देशांतली शाळकरी मुलं जमली होती. निमित्त होतं खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडचं. ते अठरावं वर्ष. २००७ साली थायलंडमधल्या चियांग माई शहरात ही स्पर्धा सुरू झाली. भारतात ती याआधी २०१६ मध्ये भुवनेश्वरला झाली होती. देशाचा संघ पाच जणांचा. मुलांना लेखी प्रश्न सोडवावे लागतात, खऱ्या निरीक्षणांचे आकडे हाताळून त्यातून निष्कर्ष काढावे लागतात, आणि आकाश ओळखता यावं लागतं. मुंबईत आपल्या पाच जणांनी चार सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवलं. त्याच दिवसांत आपले चाकरमानी गणपतीच्या गाड्यांची तिकिटं हातात घेऊन दिवस मोजत होते. जग इतकं जवळ आलं होतं, आणि माझ्या तालुक्यात मी ज्या ज्या शाळेत विचारलं तिथे या स्पर्धेचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता त्या मुलीची गोष्ट सांगतो. तिचं, तिच्या गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही.

वडील ट्रॉलरवर खलाशी, आई आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जाणारी. मुलगी अकरावीत माझ्या वर्गात. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची अंशांतली उंची म्हणजे आपल्या गावाचे अक्षांश, हे मी वर्गात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली की हे मोजता येईल का. आम्ही प्लायवूडचा पाव वर्तुळाचा तुकडा कापला, त्रिज्या हातभर, म्हणजे एका अंशाला जवळजवळ नऊ मिलिमीटर जागा मिळाली. कडेला शाईपेनाची रिकामी नळी, केंद्रातून ओळंबा. जानेवारीचे दिवस होते. संध्याकाळी सातला घराच्या मागच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरून, तिने ध्रुव मोजला, तो आला सतरा अंश. नकाशात देवगडचे अक्षांश सोळा अंश बावीस मिनिटं. अर्ध्या अंशाहून जास्त फरक. मी म्हटलं, घरी बनवलेल्या यंत्राला एवढी चूक चालायची. तिला ते पटलं नाही. चार दिवस ती रोज सातला मोजत राहिली आणि रोज सतराच येत राहिले. मग एका रात्री बाप समुद्रावरून पहाटे येणार म्हणून घर जागं होतं, तेव्हा तिने पाचला बाहेर जाऊन मोजलं. सकाळी शाळेच्या फाटकातच मला गाठलं आणि म्हणाली,

"सर, ध्रुव हलता हा!"

पहाटेचा आकडा होता पावणेसोळा. ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नाही, त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, आणि म्हणून तोही रोज एक लहानसा फेरा घालतो. जानेवारीत संध्याकाळी तो त्या फेऱ्याच्या वरच्या टोकाजवळ असतो, पहाटे खालच्या टोकाजवळ. दोन आकड्यांची सरासरी काढा, देवगडचे अक्षांश मिळतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, वर्गात कधी सांगितलेलं नव्हतं. ध्रुवासारखा अढळ असं ज्या भाषेत आपण म्हणतो, त्या भाषेतल्या सतरा वर्षांच्या मुलीने प्लायवूडच्या तुकड्याने ध्रुव हलताना पकडला. आकडे इतके नेमके जुळले यात नशिबाचाही भाग होता, पण पद्धत शंभर टक्के बरोबर होती. ऑलिम्पियाडला मुलांकडून जे हवं असतं ते हेच: आकडा चुकीचा वाटला तर यंत्राला दोष देऊन गप्प न बसणं.

पुढच्या वर्षी ती बारावीला. या स्पर्धेच्या निवडीची पहिली परीक्षा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची देशव्यापी संघटना, म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, नोव्हेंबरात घेते. त्यातून निवडलेली मुलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या पुढच्या परीक्षेला बसतात, त्यातली मूठभर त्या केंद्राच्या, मुंबईत मानखुर्दला होणाऱ्या शिबिराला जातात, आणि शिबिरातून पाच जणांचा संघ ठरतो. पहिल्या परीक्षेची नोंदणी अलीकडे ऑगस्ट-सप्टेंबरात होते. आपल्याकडे त्या दिवसांत काय असतं ते तुम्हांला सांगायला नको. माटोळी बांधायची, घराला रंग काढायचा, मुंबईची माणसं येणार, भजनाच्या बाऱ्या. शाळेला सुट्टी. परीक्षेचं पत्रक शाळेत आलं होतं. कुणीतरी त्याची प्रत काढली, वर 'माहितीस्तव' लिहिलं आणि ती फाइलला लावली. गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन शाळा भरली, चाचणी परीक्षा आली, आणि ऑक्टोबरात मी दुसराच एक कागद शोधत असताना ते पत्रक माझ्या हाताला लागलं. मुदत संपून गेली होती.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. कारकुनाला त्या कागदाचं महत्त्व कुणी सांगितलं नव्हतं. मला तारीख ठाऊक असायला हवी होती, आणि मी घरच्या गणपतीत होतो. निम्मी चूक माझी आहे, आणि ती आजही टोचते. तिला सांगायला गेलो तेव्हा ती फक्त म्हणाली, "पुढच्या वर्षी बसान." पुढच्या वर्षी ती शाळेत नसणार होती, आणि ही स्पर्धा शाळकरी मुलांची आहे.

म्हणून माझं पहिलं आणि खरं म्हणजे एकमेव मागणं हे आहे: जुलै संपायच्या आत तुमच्या शाळेतल्या एका शिक्षकाला या परीक्षेची जबाबदारी लेखी द्या, आणि शाळेला परीक्षेचं केंद्र करून घ्या. शाळेला केंद्र होता येतं. आपल्या किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या काठी केंद्रं झाली नाहीत, तर मुलांनी घाट चढून कोल्हापूर गाठायचं. आमच्याकडचा एक मुलगा मागे एका अशाच परीक्षेला गेला होता. पहाटेची एसटी दाट धुक्यात घाटात अडकली, अर्धा तास उशिरा वर्गात पोचला, आणि उरलेल्या वेळात जमेल तेवढं लिहून परत आला. वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच.

हे मला फार जुनं वाटतं, कारण ते जुनंच आहे. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे तरुणपणी परीक्षा देण्यासाठी भर पावसात सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेले होते. तिथे पोचल्यावर, तू वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे ते महर्षी झाले म्हणून आपण ही हकिकत अभिमानाने सांगतो. मी ती वर्गात बरीच वर्षं सांगत आलो. आता सांगवत नाही. त्याच काळात घाट चढून गेलेली आणि नंतर कधीच ऐकू न आलेली किती मुलं असतील, हाच विचार मनात येतो.

त्याच मुरूडात कर्व्यांच्या आधी पाच वर्षं, १८५३ साली, शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. शिक्षकी करत करत त्यांनी वेदकाळापासूनच्या भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, आणि तो मराठीत लिहिला. १८९६ साली छापलेला तो ग्रंथ आजही या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. 'हे शास्त्र इंग्रजीत आहे, आमच्या मुलांना झेपणार नाही' असं एका संस्थाचालकांनी मला तोंडावर सांगितलं, तेव्हा मला दीक्षितांची आठवण झाली होती. त्या वेळी बोललो नाही, म्हणून आत्ता लिहितो.

भाषेची अडचण खोटी नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर अकरावीत इंग्रजी पुस्तकापुढे बसतं आणि पहिले चार महिने शब्दांशीच झगडतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. प्रत्यक्ष आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रश्नपत्रिका मुळात इंग्रजीत असली, तरी संघाबरोबर आलेले शिक्षक ती रात्र जागून आपल्या मुलांच्या भाषेत उतरवतात. म्हणजे तिथे इंग्रजी येणं हा गुण धरलेला नाही. आणि दुसरं, आपल्या पाठ्यपुस्तकांत पाया आहे, मराठीत आहे. आठवीला ताऱ्यांची जीवनयात्रा आहे, नववीला दुर्बिणी आहेत, दहावीचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि त्यात केप्लरचे तिन्ही नियम आहेत. ते आपण परीक्षेला 'नियम लिहा' एवढ्यापुरते शिकवतो. ताऱ्याची आकाशातली जागा सांगणारे विषुवांश, क्रांती, उन्नतांश, दिगंश आणि त्याचं तेज सांगणारी दृश्यप्रत, हे शब्द आपल्याकडे आहेत. आधी ते डोक्यात बसवा. त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द लिहायला एका दुपारचं काम.

दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ राज्यात पहिलं येतं, आणि नाक्यानाक्यावर फलक लागतात. मला त्या निकालाचा अभिमान आहे, माझ्याही हातचे काही गुण त्यात आहेत. पण जी शाळा शेवटच्या बाकावरच्या पोराला पास करून दाखवते, तिला पहिल्या बाकावरच्या एका पोराला आभाळापर्यंत नेणं अवघड जाऊ नये.

आभाळाचं तर आपल्याकडे वैभव आहे. देवगड, राजापूर, गुहागरकडच्या सड्यांवर अजून असा काळोख मिळतो की अवसेला आकाशगंगा उघड्या डोळ्यांनी दिसते. समोर समुद्र, म्हणून पश्चिमेचं क्षितिज मोकळं. पन्नास मीटर उंचीच्या सड्यावर उभं राहिलं तर ते क्षितिज सुमारे पंचवीस किलोमीटरवर असतं. हाही एक ऑलिम्पियाडचा प्रश्न, पायथागोरसच्या प्रमेयाने दोन ओळींत सुटणारा. आपण सोळा-सतरा अक्षांशांवर असल्यामुळे दक्षिणेचं आकाशही बरंच दिसतं. फेब्रुवारीत अगस्ती वीस अंशांवर येतो, एप्रिल-मेच्या रात्री त्रिशंकू ओळखता येतो. पोलंडमधल्या मुलाला अगस्ती घरातून कधीच दिसत नाही. आपल्या मुलांच्या अंगणातून तो दिसतो आणि त्याचं नाव त्यांना माहीत नसतं.

हा काळोख फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही. गावागावांत हायमास्ट दिवे लागलेत, त्यांचा बराच उजेड वर आभाळात जातो. किनाऱ्यावरच्या दिव्यांनी वेळासच्या कासवांच्या पिल्लांची वाट चुकू नये म्हणून आपण जपतो. तसाच आभाळासाठी शाळेच्या मैदानावरचा एक दिवा महिन्यातून एका रात्री बंद करायला हरकत नसावी.

आणि भरती-ओहोटी. खाडीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तिथीला पाऊणपट करून तो भरतीची वेळ सांगेल. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला. या हिशेबात चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे सत्य बसलेलं आहे. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) का येतात ते सूर्य-चंद्राच्या ओढीवरून काढता येतं. आपल्या मुलांना भांगाच्या दिवसांत जाळं कसं लावायचं ते येतं, आणि वर्गात गुरुत्वाकर्षण आलं की तीच मुलं सफरचंदाचं चित्र काढतात. एका बारावीच्या वर्गाला मी महिनाभर धक्क्यावर भरतीच्या वेळा टिपायला लावल्या होत्या. त्या आकड्यांचा आलेख काढून त्यांनी चंद्राच्या दिवसाची लांबी काढली, चोवीस तास आणि वर पन्नासच्या आसपास मिनिटं. ऑलिम्पियाडमधलं विदा विश्लेषण, आकड्यांतून निष्कर्ष काढणं, म्हणजे हेच. दुर्बिणीची गरज पडली नाही.

दुर्बिणीवरून आठवलं. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांना माझी वेगळी विनंती आहे, आणि संस्थाचालकांपैकी बरेच जण त्या मंडळांवर आहेत. कृपा करून शाळेला दुर्बीण भेट देऊ नका. मी पाहिलेल्या तीन शाळांत ती कपाटात आहे, आणि तिन्ही ठिकाणी भिंगावर बुरशी चढलेली आहे. इथल्या दमट, खाऱ्या हवेत भिंग जपायचं तर कपाटात बल्ब लावावा लागतो, ओलावा शोषणाऱ्या पुड्या बदलाव्या लागतात, आणि कुणीतरी ते दर पंधरवड्याला बघावं लागतं. त्या पैशात चार द्विनेत्री (बायनॉक्युलर), दहा तारानकाशे आणि नोव्हेंबरच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च होतो. द्विनेत्रीतून गुरूचे चंद्र दिसतात. सुरुवातीला तेवढं पुरे.

विजयदुर्गाचा विषय काढल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, आणि काढला तर काही मंडळी रागावतील. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून गेला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. लॉकयर साहेबाने इथूनच हेलियमचा शोध लावला, असं आपण मुलांना सांगतो. उपक्रम फार चांगला आहे, तो कधीही बंद पडू नये. पण हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हते. त्या ग्रहणात फ्रान्सच्या जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, तो वर्णपट घेतला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, तेव्हा हे कुठलं तरी नवं मूलद्रव्य असावं, असा विचार पुढे आला. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं.

हे मुलांना सांगितल्याने किल्ल्याचं काही उणं होत नाही. उलट ओट्यांवर उभं करून त्यांना विचारता येतं: ग्रहणाचा पट्टा इथून गेला हे आपण आज गणिताने कसं काढू? पिवळी रेषा सोडियमची नाही हे कशावरून कळलं? इथे खरोखर कोण आलं होतं, ते शोधायला कुठली कागदपत्रं बघावी लागतील? ध्रुवाचा सतरावा अंश ज्या मुलीने मान्य केला नाही, तिला हे प्रश्न आवडले असते. २०२५ च्या १८ ऑगस्टला तर ६४ देशांची मुलं मुंबईत होती आणि किल्ल्यापासून रात्रभराच्या प्रवासावर होती. त्यांच्यात इथलं कुणी नव्हतं याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमच्या काही शंका मला आधीच ऐकू येतायत. शिक्षक कमी आहेत, हे खरं. पण एका शिक्षकाला आठवड्याचे दोन तास मिळाले तरी सुरुवात होते, आणि तो भौतिकशास्त्राचाच हवा असं नाही. भूगोलाच्या बाई हे काम उत्तम करू शकतात. पावसात आकाश दिसत नाही, हेही खरं. जून ते सप्टेंबर आपल्याला ढगांशिवाय काही दिसत नाही. त्या चार महिन्यांत गणित करायचं: त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, केप्लरचे नियम, मागच्या प्रश्नपत्रिका. आकाश दिवाळीला उघडतं, परीक्षा नोव्हेंबरात. आपलं पावसाळी वेळापत्रक या परीक्षेला इतकं बरोबर बसतं, की मला तर ते सोयीचंच वाटतं.

मुलींना रात्री कोण पाठवणार, ही शंका मी हलकी मानत नाही. आम्ही सड्यावर जातो तेव्हा पालकांना बरोबर घेतो. आया येतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त वेळ त्याच बघत राहतात. सड्यावर फुरसं असतं, म्हणून बूट आणि काठी सक्तीची. रात्री साडेनऊला सगळे घरी.

आणि एक शंका कुणी बोलून दाखवत नाही, पण ती असते: एवढं करून आपल्यातलं कोण जाणार आहे त्या पाचांत? कदाचित कुणीच नाही, निदान पहिली काही वर्षं. देशभरातून पाच. पण पहिल्या परीक्षेला तालुक्यातून वीस मुलं बसली, तर त्या वीस जणांनी पाच महिने नीट गणित केलेलं असेल. एखादं दुसऱ्या पायरीवर गेलं, तर पुढच्या वर्षी चाळीस बसतील. माझ्या त्या विद्यार्थिनीने आता बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं आहे. सुट्टीला घरी आली की सड्यावर येते आणि लहान मुलांना प्लायवूडचं ते यंत्र धरायला शिकवते. यंत्र तिने अजून जपून ठेवलं आहे, ओळंब्याचा दोरा तेवढा बदललाय.

यंदा पाऊस आहे तोवर ज्या शाळेला हवं असेल तिथे मी शनिवारी येऊन शिकवीन. मानधन नको, एसटीने येईन. परीक्षेची तारीख आणि नोंदणीची मुदत जाहीर झाली की मी प्रत्येक शाळेला स्वतः फोन करणार आहे, गणपतीच्या सुट्टीतसुद्धा.

भाऊबीजेच्या संध्याकाळी चंद्राची कोर समुद्रात मावळली की आम्ही सड्यावर असू. आठच्या सुमारास ईशान्येला देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका चांगली वर आलेली असेल. त्या काळोखात ती उघड्या डोळ्यांना दिसते. तुम्ही या, पालकांना आणा. येताना एक सतरंजी, लाल जिलेटिन कागद लावलेली विजेरी, आणि तुमच्या शाळेतून नोंदणी झालेल्या मुलांची यादी घेऊन या.

आपला,
देवगड तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक